आधार सैल होतो तेव्हा : 'अंग बाहेर येणे' या विकारावरील उपचार



आजच्या व्याख्यानाचा विषय घराघरांत आजवर दबक्या आवाजातच बोलला गेला आहे. 'अंग बाहेर येणे' एवढ्या तीन शब्दांत वडीलधाऱ्या स्त्रिया ज्याचा उल्लेख करतात आणि लगेच विषय बदलतात, तो हा विकार. बंधुवर्गाचीही येथे उपस्थिती आहे, हे योग्यच झाले. घरातील जड हंडा कोणी उचलावा आणि दवाखान्यात केव्हा जावे, हे पुष्कळदा त्यांच्याच शब्दावर ठरते.

या मौनाचे मोजमाप महाराष्ट्रातच झालेले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. मात्र त्यापूर्वी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ एवढ्याच होत्या. दुखणे असते, पण ते सांगितले जात नाही. अंग बाहेर येण्याच्या विकारालाही हे तंतोतंत लागू पडते.

विकाराचे स्वरूप

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तीन अवयव ओटीपोटात एकमेकांशेजारी असतात. त्यांच्या खाली स्नायूंचा झोळीसारखा पडदा असतो आणि बाजूंनी तंतूंचे बंध त्यांना धरून ठेवतात. बाळंतपणात, विशेषतः प्रसूती लांबली किंवा बाळ मोठे असले तर, या आधारावर ताण येतो. पुढे पाळी गेल्यावर अंतःस्रावांचे प्रमाण घटते व ऊती विरळ होतात. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, स्थूलपणा आणि वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांची त्यात भर पडते. आधार सैल झाला की अवयव योनिमार्गात उतरू लागतात. पुढच्या बाजूने मूत्राशय, मागच्या बाजूने गुदाशय आणि मधून गर्भाशय खाली येते.

सकाळी बरे वाटते, पण संध्याकाळपर्यंत ओटीपोट जड होते. खाली गोळा आल्यासारखे वाटते, लघवी पूर्ण झाल्याचे समाधान मिळत नाही किंवा खोकताना ती गळते. काही स्त्रियांना शौचाच्या वेळी बोटाने आधार द्यावा लागतो. अशी स्त्री हळूहळू प्रवास टाळते, कार्यक्रमांत मागच्या रांगेत बसते. घरच्यांना वाटते, वयोमानाने स्वभाव बदलला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या विकारात दोष आधाराचा असतो, गर्भाशयाचा नव्हे. उपचारांचा सगळा विचार या एका वाक्यावर उभा आहे.

पहिली पायरी : व्यायाम

डॉक्टर तपासणी करून विकाराच्या चार अवस्था ठरवितात. पहिल्या अवस्थेत अवयव थोडासाच उतरलेला असतो. चौथीत तो जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला असतो. तथापि उपचार केवळ अवस्थेवर ठरत नाहीत. त्या स्त्रीला त्रास किती होतो, हे तितकेच महत्त्वाचे असते. त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवणे हाही योग्य मार्ग आहे.

पहिल्या दोन अवस्थांत व्यायामाचा चांगला उपयोग होतो. अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम वैद्यकविश्वापुढे मांडले. वायू रोखताना जे स्नायू आकसतात, तेच येथे आकसायचे असतात. सावकाश आकसावे, जमेल तसे दहा अंकांपर्यंत धरावे, तितकाच वेळ सैल सोडावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. श्वास रोखू नये, खाली जोर देऊ नये आणि लघवीची धार अडवून सराव करू नये. ब्रिटनमधील २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे व्यायाम जाणकाराच्या देखरेखीखाली किमान १६ आठवडे करावयाचे असतात. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून ते सोडून देणे योग्य नव्हे. पूर्ण बाहेर आलेले अंग व्यायामाने आत जात नाही, हेही स्पष्ट असावे. जोडीला बद्धकोष्ठता व खोकल्यावर इलाज आणि वजनावर नियंत्रण हवे.

दुसरी पायरी : पेसरी

पेसरी म्हणजे योनिमार्गात बसवावयाचे सिलिकॉनचे कडे. ते अवयवांना खालून आधार देते. योग्य मापाचे कडे बसले की ते जाणवतही नाही. शस्त्रक्रिया ज्यांना झेपणारी नाही, ज्यांना ती नको आहे किंवा पुढे ढकलावयाची आहे, अशा सर्वांना हा मार्ग खुला आहे. कडे ठराविक काळाने काढून, धुऊन पुन्हा बसवावे लागते. अनेक स्त्रिया हे घरच्या घरी शिकतात. पाळी गेलेल्या स्त्रियांना डॉक्टर सोबत इस्ट्रोजेनचे मलम सुचवितात. मात्र कडे बसवून वर्षानुवर्षे विसरून जाणे धोक्याचे असते. त्याने आत जखम होऊ शकते.

तिसरी पायरी : शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेचे अनेक प्रकार आहेत. सैल झालेली पुढची किंवा मागची भिंत टाके घालून घट्ट करता येते. गर्भाशय योनिमार्गाने काढून वरचे टोक बंधांना बांधता येते. गर्भाशय राखून ते वर उचलूनही धरता येते. या शेवटच्या प्रकारात मुंबईचे मोठे योगदान आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत कीर्ती पावलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयमुख पट्टीच्या साह्याने मागे कण्याच्या तळाशी बांधण्याची पद्धत रूढ केली. डॉ. पुरंदरे यांच्या पद्धतीत ते पोटाच्या पुढच्या भिंतीला बांधले जाते. ज्या तरुण स्त्रियांना मूल हवे आहे, त्यांच्यासाठी अशा शस्त्रक्रिया वरदान ठरल्या. अतिवृद्ध आणि शरीरसंबंधाची अपेक्षा नसलेल्या स्त्रियांसाठी योनिमार्ग बंद करण्याची लहान शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे.

नुसते गर्भाशय काढल्याने आधार आपोआप घट्ट होत नाही. तो बांधला नाही, तर योनिमार्गाचे टोकच पुढे खाली येऊ शकते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांची कारणे निरनिराळी होती. पण 'पिशवी काढून टाका' हे प्रत्येक दुखण्याचे उत्तर नव्हे, हा बोध सर्वांनीच घ्यावा.

जाळीविषयीही सावधपण हवे. या विकारासाठी योनिमार्गातून बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळीमुळे काही स्त्रियांना वेदना व जखमा झाल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये अशा जाळ्यांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. पोटातून बसवावयाच्या जाळीला तो आदेश लागू नव्हता. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत : शस्त्रक्रियेवाचून दुसरा मार्ग आहे काय? गर्भाशय राखता येईल काय? जाळी वापरणार काय? विकार पुन्हा उद्भवण्याची शक्यता किती? शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलणे वर्ज्य असते. ही विश्रांती घरच्यांनी द्यावयाची असते.

त्वरित कधी जावे

पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, लघवी अडणे, बाहेर आलेल्या भागावर जखम किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही दवडू नये.

हा विकार सहसा जिवावर बेतणारा नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. परंतु जीव वाचणे आणि सुखाने जगणे यांत अंतर आहे. ज्या स्त्रीने आयुष्यभर घराला आधार दिला, तिचा स्वतःचा आधार सैल झाला असता तिने तोंड उघडून सांगावे आणि घराने ते शांतपणे ऐकावे. उपचाराची खरी पहिली पायरी तीच आहे.