फुकटच्या वर्गाची फी



नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. माझी बी.ए.ची पदवी तिथलीच. आठवडाभर वडिलांच्या दुकानात बसायचं, रात्री पुस्तकं वाचायची आणि रविवारी बारामतीतलं अभ्यासकेंद्र गाठायचं. शेजारी एक एस.टी. कंडक्टर, पुढच्या बाकावर दोन अंगणवाडीताई. सर नेहमीच थोर शिकवत असं नाही, पण ताई गैरहजर राहिल्या की कंडक्टर निरोप धाडायचे, 'पुढच्या रविवारी या बरं का!'

आता काळ पुढे गेला. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम सर्वांना खुले करण्याची घोषणा २००१ साली केली. आपल्याकडे आयआयटींचा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ पासून, तर केंद्र सरकारचं 'स्वयं' २०१७ पासून. शिकायला फी नाही, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच पैसे. इंदापूर तालुक्यातल्या वस्तीवर बसून आयआयटीच्या प्राध्यापकाचं व्याख्यान ऐकता येतं, ही काही लहान गोष्ट नाही. आमच्या पिढीला तर ते स्वप्नातही सुचलं नसतं.

माझी एक भाची त्याच वस्तीवर राहते. तिने हिशेबाच्या एका अभ्यासक्रमात नाव घातलं. घरात चांगला फोन एकच. शेतीची वीज रात्रीची असली की थोरला भाऊ दारं धरायला जातो आणि फोनही त्याच्याबरोबर उसात जातो. दिवसा घरकाम. मागच्या महिन्यात म्हणाली, "मामू, सर सांगतात ते निम्मं कळतं. अडलं तर विचारायचं कुणाला?" प्रश्न विचारायची सोय असते, पण तिथे इंग्रजीत लिहायचं म्हटलं की तिची बोटं थांबतात. एनपीटीईएलने काही व्याख्यानं मराठीत आणली आहेत, पण तिचा विषय त्यांत नव्हता.

मी कवी माणूस, आकड्यांत रमत नाही. पण एक आकडा लक्षात राहिला. एमआयटी आणि हार्वर्डने चालवलेल्या एडएक्सच्या अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे शंभरात जेमतेम तीन! यावर कुणी म्हणतं, फुकटचं म्हणून किंमत नाही. मला हे पटत नाही. काहीजण नुसते डोकावायला येत असतील, पण भाचीने वेळ दिला, झोप मोडली. तिला फी पडलीच की! तिला मिळाला नाही तो रविवारचा बाक.

तो बाक मांडायला नवी इमारत नको. आपल्या कितीतरी गावांत सार्वजनिक वाचनालय आहे. संध्याकाळी दोन तास एक संगणक, नेटची जोडणी आणि गावातला एखादा बी.एड. झालेला, नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला मुलगा किंवा मुलगी. त्यांना मानधन मात्र द्यावं, तेही वेळेवर. आणि वेळ अशी ठेवावी, की मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोचता येईल.