काळा दगड आणि ईयोबाचं घर



पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते, त्या बालाघाटाच्या डोंगरात पायाखाली काळा दगड लागतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा तो! विश्वाचं वय तर 1380 कोटी वर्षांच्या घरात. मग बायबलच्या पहिल्या पानावर सहा दिवसांत सृष्टी घडते, त्याचं काय करायचं?

याचं उत्तर एका पाद्र्यानंच दिलंय. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र कॅथलिक फादर होते आणि पट्टीचे गणितीही. विश्व प्रसरण पावतंय, हे त्यांनी 1927 मध्ये मांडलं. 1931 मध्ये त्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली असावी, असं सुचवलं. या कल्पनेला ‘बिग बँग’ हे नाव मिळालं ते 1949 मध्ये, रेडिओवरच्याच एका भाषणात. वक्ते फ्रेड हॉइल. त्यांना ती कल्पना मान्य नव्हती. त्यांचे शिष्य, आपले जयंत नारळीकर, यांनाही नव्हती. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांना मात्र तीत निर्मात्याची खूण दिसली. लमेत्रना हे रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असंच ते मानत. खरंच आहे, सिद्धांताच्या खुंटीला श्रद्धा टांगली आणि उद्या खुंटीच निघाली तर?

पण सुरुवातीपेक्षा अवघड प्रश्न दुःखाचा. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारी परिसरात भूकंपानं हजारो माणसं झोपेतच गेली. भूगर्भात साठलेला ताण मोकळा झाला, हे विज्ञान सांगतं. बहुतेकांचा जीव घेतला तो घरांनीच. मातीत रचलेल्या काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर मणामणानं मातीचं माळवद.

अशा वेळी ‘पाप भोवलं’ म्हणणारे भेटतातच. बायबलमधल्या ईयोबाची मुलंही वादळात घर कोसळूनच मेली. भेटायला आलेले मित्र त्याला सुनावत राहिले, तुझंच काही चुकलं असेल. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. मुलं का गेली, हे मात्र ईयोबाला कुणीच सांगत नाही.

श्रोतेहो, जमीन का हलली, हे भूशास्त्राला विचारावं. ज्याचं घर पडलं, त्याला पापाचा हिशेब विचारू नये. आणि आपल्या गावात जुनं माळवद उभं असेल, तर त्याची भिंत आजच जाणत्या गवंड्याला दाखवून घ्यावी.