घरचे फोटो, घरच्या आठवणी

कल्याण, महापे, मुंब्रा आणि पनवेलकडचे रस्ते जिथे मिळतात, त्या शीळफाट्याच्या परिसरात मी अनेक वर्षं हौसेने फोटो काढतो आहे. ही हौस आपल्याकडे जुनी; मुंबईत 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती.

इथली भातशेती मागे हटली, इमारती उभ्या राहिल्या. जुनं अंगण, ओटा, आषाढातली लावणी आता कित्येक घरांत फोटोंतच उरली आहे. म्हणून हे फोटो जपायला हवेत आणि नातेवाइकांपर्यंत पोचवायलाही हवेत.

आपल्या दमट हवेत फोटोंना बुरशी लवकर धरते. चिकट पानांच्या अल्बममधला गोंद फोटो खराब करतो. फोटो कोरड्या कपाटात ठेवा. जुन्या कागदी फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. निगेटिव्ह फेकू नका. छोटे फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोचा दर्जा कमी होतो, तेव्हा तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून अल्बम उघडा. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव विचारा आणि तिथल्या तिथे लिहून ठेवा.