आतड्यातला दाह आणि अ‍ॅस्पिरिन



बोट कापलं की कडेनं लाल होतं, सुजतं, ठणकतं. जखम झाली की आपल्या पेशी कॉक्स-२ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, नव्या पेशी येतात, जखम भरते आणि हे विकर आवरतं घेतं.

निरोगी मोठ्या आतड्याच्या अस्तरात हे कॉक्स-२ जवळजवळ सापडत नाही. 1994 साली अमेरिकेत रेमंड ड्युबॉइस यांच्या गटानं तिथल्या कर्करोगाच्या गाठी तपासल्या, तेव्हा बहुतेक गाठींत ते भरपूर होतं. पॉलिप म्हणजे अस्तरावर उगवणारे मांसल कोंब. त्यांच्यापैकी काही पुढे कर्करोगाकडे वळतात, आणि त्यांतल्याही बऱ्याच पॉलिपांत ते सापडलं. शिवाय प्रोस्टाग्लँडिन मोडून टाकणारं दुसरं विकर अशा गाठींत बहुधा नाहीसं झालेलं असतं. नळ उघडा आणि मोरी तुंबलेली!

या नात्याचा सुगावा आधीच लागला होता. नेमानं अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हा कर्करोग कमी दिसतो, असं मेलबर्नचे शल्यविशारद गॅब्रिएल क्यून यांनी 1988 साली मांडलं. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्येच दाखवलं होतं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते इंग्लंडच्या जॉन बर्न यांचं काम. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असलेल्या घरांत माणसं ऐन उमेदीत या रोगाला बळी पडतात. अशा 861 जणांपैकी निम्म्यांना त्यांनी रोज 600 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी. सुरुवातीची काही वर्षं फरकच दिसेना. तरी ते मोजत राहिले. दोन वर्षं गोळी नेमानं घेतलेल्यांत आतड्याचा कर्करोग पुढे जवळजवळ निम्म्यावर आला.

म्हणून उद्यापासून सगळ्यांनी गोळी सुरू करावी का? कृपा करून नको. जठराच्या अस्तराला प्रोस्टाग्लँडिनच जपतं, ते थांबलं की रक्तस्राव होऊ शकतो. फक्त कॉक्स-२ अडवणारं रोफेकॉक्सिब नावाचं दुसरं औषध पॉलिप टाळण्यासाठी आजमावलं जात असतानाच हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले, आणि 2004 मध्ये ते बाजारातून मागे घ्यावं लागलं.

मग करायचं काय? घरात कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. शौचातून रक्त पडलं, तर मूळव्याधच असेल असं धरून बसू नका. दुर्बिणीच्या तपासणीत पॉलिप दिसला, तर बहुतेक वेळा तो त्याच बैठकीत, पोट न उघडता काढता येतो.