डॉरमाउसची रात्रपाळी
(बालमेळाव्यातील भाषण)



मी रेल्वेचा डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, खडी आणि स्लीपर सोडून मला फारसं बोलता येत नाही. आज विषय स्लीपरचाच आहे, पण वेगळ्या.

यंदा मुलीच्या शाळेत 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चं नाटक बसलं. तिला अ‍ॅलिस व्हायचं होतं, वाट्याला आला डॉरमाउस. घरी येऊन रडली. म्हणाली, "बाबा, मला नुसतं झोपायचंय. तुमच्यासारखं!"

हे मला लागलं. रात्रीचा ब्लॉक संपवून आलो की मी दुपारपर्यंत झोपतो. मग ते पुस्तकच आणून वाचलं.

ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या चार्ल्स डॉजसन यांनी १८६५ साली लुईस कॅरॉल या नावाने ते प्रसिद्ध केलं. सातव्या प्रकरणात चहापान आहे. टोपीवाल्याचं काळाशी भांडण झाल्यामुळे तिथे कायम सहाच वाजलेले. (आमच्या टाइमटेबलवाल्यांची सोयच!) टोपीवाला आणि ससा झोपलेल्या डॉरमाउसवर उशीसारखी कोपरं टेकतात, त्याच्या नाकावर गरम चहा ओततात, चिमटे काढतात, शेवटी त्याला किटलीत कोंबू पाहतात. पण गोष्ट हवी झाली की उठवतात त्यालाच! तो काकवीच्या विहिरीत राहणाऱ्या तीन बहिणींची गोष्ट सांगतो. त्यांची नावं डॉजसनच्या ओळखीच्या तीन लिडेल बहिणींवरून बेतलेली. त्यांतली एक खरीखुरी अ‍ॅलिस.

इंग्लंडातला डॉरमाउस म्हणजे झुपकेदार शेपटीचा, आपल्या बाप्पाच्या मूषकाचा लांबचा नातलग. हिवाळाभर तो जमिनीलगत घरटं करून झोपतो. पण पुस्तकातली तारीख आहे ४ मे! तोवर थंडीतली झोप संपलेली असते. मग हा का पेंगतो? कारण हा प्राणी निशाचर. रात्रभर झाडांवर खाणं शोधतो, दिवसा झोपतो. लोकांनी त्याला चहाला बोलावलं ते नेमकं त्याच्या झोपेच्या वेळी. मुलीला म्हटलं, "बाळा, तो आळशी नाही गं, त्याची नाइट ड्यूटी आहे." तिने थोडा विचार केला आणि शेपटीला लोकर मागितली.

नाटकाच्या दिवशी मी ब्लॉकवरून थेट शाळेत गेलो. तिसऱ्या रांगेत बसलो, पंख्याखाली. चिमटा बसताच ती अशी किंचाळली, की मी दचकून जागा झालो. त्याआधीचं काही मला आठवत नाही. तिने स्टेजवरून पाहिलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.