कान, आलेख आणि लाउडस्पीकर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



साहित्य आणि संगीत यांवर अधिकारी वक्ते बोलून गेल्यानंतर लाउडस्पीकरसारख्या रुक्ष वस्तूवर बोलणे धाडसाचेच आहे. परंतु घरापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या आपल्यापर्यंत नाट्यपदे, अभंग आणि भावगीते पोचली, ती बहुतांशी याच कागदी शंकूतून. तेव्हा त्याची थोडी विचारपूस करणे हे ऋण मान्य करण्यासारखेच आहे.

ध्वनियंत्रांच्या हौशी मंडळींत एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, ‘आधी मापनाचा आलेख दाखवा, मग यंत्राची स्तुती करा.’ दुसरा म्हणतो, ‘गाणे कानांनी ऐकायचे असते, कागदावरच्या रेषेने नव्हे.’ हा वाद केवळ छंदापुरता नाही. वर्गणीच्या पैशांतून सभागृहासाठी यंत्रणा घ्यायची, तर कोणाचे ऐकायचे? शेवटच्या रांगेतील आजोबांना नाटकातला शब्द कळणार की नुसता गोंगाट ऐकू येणार, हे त्या निवडीवर अवलंबून असते.

आज सर्वत्र आढळणाऱ्या लाउडस्पीकरची मूळ घडण अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे, त्याला चिकटवलेला शंकू. वीजप्रवाह बदलला की शंकू पुढेमागे हलतो आणि हवा थरथरते. अडचण अशी, की शंकू पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ होते. उघड्यावर ठेवल्यास या दोन लहरी एकमेकींना मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून पेटी हवी. आणि पेटी आली की तिच्यातील हवा स्प्रिंगसारखी वागू लागते. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी या स्प्रिंगचाच उपयोग करून छोट्या बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी भोक असलेल्या पेटीचे गणित मांडले, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्तारले. पूर्वी जे बव्हंशी अंदाजाने होई, ते सुताराला मापे देऊन करता येऊ लागले. मापनपक्षाचा हा मोठाच विजय होय.

तथापि श्रवणपक्षाचे म्हणणेही पोकळ नाही. प्रतिध्वनिरहित दालनात, यंत्राच्या नेमके समोर घेतलेला एकच आलेख अपुरा असतो. २० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे १७ मीटर, तर २०,००० हर्ट्झची सुमारे १७ मिलिमीटर! म्हणून खर्ज पेटीला वळसा घालून चहूकडे पसरतो आणि तार स्वर झोतासारखा पुढे जातो. बाजूला बसलेल्याला निराळेच ऐकू येते. त्यात भिंतींची भर. ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा स्वर एका जागी घुमतो, तर दुसऱ्या जागी जवळजवळ लोपतो. दोन मित्र एकाच यंत्राविषयी भांडतात, तेव्हा पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. त्यांच्या खोल्या मात्र वेगळ्या असतात.

या वादातून वाट काढली ती कॅनडातील ओटावा येथे, राष्ट्रीय संशोधन परिषदेत काम करणाऱ्या फ्लॉइड टूल यांनी. त्यांनी श्रोत्यांना यंत्र न दाखवता ऐकविले. १९८५-८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, डोळ्यांआड ऐकताना लोकांची पसंती बरीच जुळते. आणि ती जुळते अशा यंत्रांवर, ज्यांचा समोरचा आलेख सपाट व सलग असतो आणि बाजूचाही तसाच सलग उतरतो. पुढे १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना ४ लाउडस्पीकर आधी झाकून व मग दाखवून ऐकविले. यंत्र दिसू लागताच गुण बदलले! आकार आणि नाव यांनी अनुभवी कानांनाही फसविले. आता तर आडव्या व उभ्या वर्तुळांत दर १० अंशांवर, अशी ७० दिशांनी मापने घेण्याची प्रमाणित पद्धत आहे.

म्हणजे कान आणि मापन हे वैरी नव्हेत. तानपुरा जुळविणारा कानच तर मापन करीत असतो. फक्त त्याला डोळ्यांची लुडबूड नको. एका रेषेचे अपुरे मापन आणि किंमत पाहून झालेले श्रवण, हे दोन्ही सारखेच अविश्वसनीय. खर्ज किती असावा ही आवड मात्र ज्याची त्याची. तिथे आलेखाने हुकूम सोडू नये.

मंडळांनी यातून काय घ्यावे? यंत्रणा निवडताना मध्ये पडदा लावावा. दोन्हींचा आवाज मोजून समान करावा. कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाच उजवा वाटतो. गद्य संवाद, तानपुरा आणि तबल्याचा डग्गा ऐकवावा. पुढच्या, मागच्या आणि कडेच्या रांगांतील सभासदांनी एकमेकांशी न बोलता गुण लिहावेत, आणि मगच आलेख पाहावा. केवळ ‘वॅट’च्या आकड्याला भुलू नये. १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या यंत्राइतका आवाज काढण्यास ८७ डेसिबलच्या यंत्राला दुप्पट वॅट लागतात.

असे केल्यास एका संध्याकाळचे श्रम पडतील, पण पुढची कित्येक वर्षे शेवटच्या रांगेपर्यंत मराठी शब्द स्वच्छ पोचेल.