भाग ४१ : अठराव्या वर्षी पीएचडी, आणि मग आयुष्यभर एकच काम

कानात इअरफोन असतील, बस नाहीतर लोकलमध्ये असाल, तर जरा टेकून उभे राहा. आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे.

आधी थोडं माझं. गेल्या महिन्यात आमचं एक प्रॉडक्ट बंद झालं. दोन वर्षं आम्ही सहा जण त्यावर काम करत होतो, आणि एका मीटिंगमध्ये विषय संपला. त्या रात्री डोक्यात एकच प्रश्न होता: जे पूर्णच होणार नाही, त्यासाठी एवढं राबायचं कशाला? मग मला डॉ. प्रेधिमन कृष्ण काव आठवले. कॉलेजात प्लाझ्मावर सेमिनार दिला होता, तेव्हा त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं होतं.

काव सर १९४८ सालचे, जन्म श्रीनगरचा. १९६६ मध्ये आयआयटी दिल्लीतून त्यांनी पीएचडी केली. वय किती? अठरा! आपण त्या वयात सीईटीचा फॉर्म भरत होतो. पुढे ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. तिथे जॉन डॉसन यांच्याबरोबर, जोरदार लेसर प्लाझ्मात शिरला की काय होतं यावर काम केलं. दोघांचा १९७० चा पेपर आजही त्या विषयातला पायाचा पेपर मानतात.

आता फ्यूजन म्हणजे काय, ते थोडक्यात. हायड्रोजनची दोन हलकी भावंडं, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, यांची केंद्रकं एकमेकांत मिसळली की हेलियम तयार होतं आणि प्रचंड ऊर्जा सुटते. सूर्यातही हलकी केंद्रकं अशीच जुळतात. पण सूर्याकडे दाबायला अफाट गुरुत्वाकर्षण आहे. आपल्याकडे ते नाही, म्हणून पृथ्वीवर तापमान न्यावं लागतं साधारण १५ कोटी अंशांवर, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट! एवढं गरम काही ठेवणार कोणत्या भांड्यात? म्हणून मेदूवड्याच्या आकाराची पोकळी करायची आणि चुंबकांच्या जोरावर तो प्लाझ्मा भिंतीला न टेकता अधांतरी फिरवायचा. या यंत्राला म्हणतात टोकामॅक.

भारतात हे स्वप्न जुनं आहे. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते आपले होमी भाभा. वीसेक वर्षांत फ्यूजन ऊर्जा काबूत आणायची रीत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं होतं. ती वीस वर्षं अजून संपायची आहेत, हा भाग वेगळा.

१९८२ मध्ये प्रिन्स्टनला टीएफटीआर नावाचं भलंमोठं टोकामॅक सुरू झालं. फ्यूजनवाल्या माणसासाठी जगातली सगळ्यात भारी जागा! आणि काव सर नेमके त्याच वर्षी ती जागा सोडून अहमदाबादला परत आले. इथे तेव्हा टोकामॅक बनवायचा अनुभव जवळपास शून्य. १९८६ मध्ये गांधीनगरजवळ भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्था, म्हणजे आयपीआर, उभी राहिली आणि ते तिचे संचालक झाले. वय अडतीस.

तीनच वर्षांत, १९८९ मध्ये, 'आदित्य' सुरू झालं. भारतात डिझाइन केलेलं, भारतातच बांधलेलं पहिलं टोकामॅक. छोटंसंच होतं, प्लाझ्मा टिकायचा सेकंदाच्या काही भागापुरता. पण ते चालवता चालवता व्हॅक्यूम, चुंबक, पॉवर सप्लाय, मोजमापं हे सगळं हाताने करणारी माणसं तयार झाली.

पुढचं पाऊल अवघड होतं. तांब्याचे चुंबक तापतात, म्हणून प्लाझ्मा जास्त वेळ टिकवायचा तर अतिवाहक चुंबक लागतात, आणि त्यांना द्रव हेलियमने थंड ठेवावं लागतं. म्हणजे आतमध्ये कोट्यवधी अंश आणि हाताच्या अंतरावर उणे दोनशे एकोणसत्तर! या यंत्राचं नाव एसएसटी-१. नव्वदच्या दशकात काम सुरू झालं, जुळणी झाली, आणि चाचण्यांमध्ये घोळ निघाले. सगळं खोलून, दुरुस्त करून पुन्हा जुळवावं लागलं. प्रॉडक्शनला गेलेला कोड रोलबॅक करताना आपला जीव जातो; इथे अख्खं यंत्र रोलबॅक केलं.

अखेर पहिला प्लाझ्मा आला जून २०१३ मध्ये. काव सर २०१२ मध्येच संचालकपदावरून उतरले होते. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला.

मधल्या काळात अजून एक मोठी गोष्ट झाली. डिसेंबर २००५ मध्ये भारत इटर प्रकल्पाचा सातवा भागीदार झाला. फ्रान्समधलं जगातलं सगळ्यात मोठं टोकामॅक! त्याचं क्रायोस्टॅट, सुमारे ३,८५० टनांचं स्टीलचं कवच, भारताने बनवलं, सुरतजवळ हजिऱ्याला. आदित्यवर शिकलेली माणसं नसती तर त्या टेबलावर आपल्याला खुर्ची कुणी दिली असती? काव सर इटरच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार समितीचे अध्यक्षही होते. आणि फक्त सूर्याकडे डोळे लावून बसले असंही नाही. १९९७ मध्ये संस्थेने उद्योगांसाठी वेगळं केंद्र काढलं. हॉस्पिटलचा कचरा प्लाझ्माने नष्ट करणं, धातूचे भाग टणक करणं, अशी आज उपयोगी पडणारी कामं तिथे होतात.

पद्मश्री १९८५ मध्ये, भटनागर पुरस्कार १९८६ मध्ये मिळाला. जून २०१७ मध्ये ते गेले. इटर तेव्हा बांधलं जात होतं, आणि नव्या वेळापत्रकानुसार त्याचे प्रयोग २०३४ च्या आसपास सुरू होतील. फ्यूजनच्या विजेवर पेटलेला एकही बल्ब त्यांनी पाहिला नाही.

मग त्यांचं काम अपुरं राहिलं का? मला तसं वाटत नाही. ते सव्वीस वर्षं संचालक होते आणि त्या काळात त्यांनी यंत्रांसोबत माणसंही घडवली. यंत्र बिघडल्यावर ते पुन्हा कसं जुळवायचं, हे त्या माणसांना माहीत होतं. आमचं प्रॉडक्ट गेलं, पण त्या दोन वर्षांत मी आमच्या टीममधल्या फ्रेशर पोराला डेटाबेस शिकवला. तो आता माझ्यापेक्षा बरा लिहितो. हे काही रिलीज नोटमध्ये येत नाही, पण ते झालंय.

तुमचं असं एखादं अर्धवट राहिलेलं काम आहे का? त्यातून कोण काय शिकलं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि हो, स्टेशन आलं असेल तर उतरा आधी! भेटू पुढच्या रविवारी.